कप्तानाच्या मस्तकी कापूस

एका माणसास एखादा कार्यक्रम पाहावयास पन्नास मिनिटे लागतात, तर चार माणसांस तो एकत्र बसून पाहावयास किती वेळ लागेल, असा प्रश्न त्रैराशिकाच्या तासाला कोणी विचारला असता आणि मी ‘दोनशे मिनिटे’ असे उत्तर दिले असते, तर आमच्या मास्तरांनी माझ्या तळहातावर छडी ओढली असती; परंतु ते मास्तर आज हयात असते आणि रविवारी सकाळी पांढरकवड्यात आमच्या वकीलसाहेबांच्या ओसरीवर येऊन बसते, तर दुपारी दीड वाजता भुकेल्या पोटी उठताना त्यांनी माझी क्षमा मागितली असती, याविषयी मला तिळमात्र शंका नाही.

कार्यक्रम म्हणजे ‘स्टार ट्रेक’. ही मालिका अमेरिकेत ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली, तिचे ७९ भाग झाले आणि १९६९ मध्ये ती बंद पडली. आमच्यापर्यंत ती आली १९८० च्या दशकात, दूरदर्शनच्या कृपेने, रविवारी सकाळी. प्रकाशापेक्षा शीघ्र गतीने धावणारे यान अमेरिकेहून पांढरकवड्यास पोहोचावयास दीडदोन दशके घेते, याचे त्या वेळी पुष्कळांना हसू आले. मला आले नाही. मी पुढे आयुष्यभर कारकुनी केली आणि एका टेबलावरून शेजारच्या टेबलावर जावयास याहून अधिक काळ घेणारी दप्तरे या डोळ्यांनी पाहिली.

विज्ञानकथेचे वेड पांढरकवड्यासारख्या गावात कसे रुजले, असे बाहेरची माणसे विचारतात, तेव्हा मला त्यांची कीव येते. ज्या तालुक्याची तहसील कचेरी पांढरकवड्यात आहे त्याचे नाव केळापूर, आणि ज्या केळापुरास जगदंबेच्या दर्शनाला आम्ही जातो तेथे कचेरी नाही. म्हणजे कागदोपत्री मनुष्य एका गावी आणि देहाने दुसऱ्या गावी असणे ही गोष्ट आमच्याकडे जन्माच्या दाखल्यापासूनच सुरू होते. गावाजवळून वाहणाऱ्या नदीचे नाव खुनी, आणि तिच्या काठची माणसे मात्र स्वभावाने इतकी गरीब की ढेकूण मारतानाही त्याची कैफियत ऐकून घेतील. नागपूर-हैदराबाद महामार्ग सात क्रमांकाचा होता, तो एके दिवशी जागचा तसूभर न हलता चव्वेचाळीस क्रमांकाचा झाला. अशा मुलखात वाढलेल्या माणसास, कोणी यंत्राखाली उभा राहून क्षणार्धात परग्रहावर प्रकट झाला, तर नवल ते काय वाटणार?

त्या काळी आमच्या आळीत दूरदर्शनचा संच एकच होता आणि तो शेठजींच्या वडिलांच्या जिनिंगच्या गादीवर, दोन सरकत्या दारांच्या लाकडी पेटीत, देवासारखा बंदोबस्तात असे. आम्ही विशीच्या आतबाहेरची मुले रविवारी अंघोळी आटोपून तेथे जमत असू. एक जण गच्चीवर अँटेनाचा खांब धरून उभा राही, एक जण जिन्यात, आणि पुढील संवाद मालिकेतील कोणत्याही संवादापेक्षा माझ्या स्मरणात अधिक पक्के आहेत :

“आलं का?”

“मुंग्या येऊन रायल्या!”

“आता?”

“आलं, आलं! हलू नको. गेलं ना बे!”

गच्चीवरच्या पाळीत मी पुष्कळ वेळा असे. त्यामुळे मालिकेचे कित्येक भाग मी केवळ जिन्यातून वर येणाऱ्या वृत्तान्तावरून अनुभवले आहेत. तरीही त्या मालिकेचा मी निस्सीम भक्त होतो. भक्तीला दर्शन लागतेच असे नाही.

खरी अडचण मुंग्यांची नव्हती, इंग्रजीची होती. मालिका होती अमेरिकन इंग्रजीत आणि आमचे इंग्रजी होते मॅट्रिकचे, तेही दुसऱ्या खेपेचे. तेव्हा आमच्यातील जो एकमेव पदवीधर, ज्याला आम्ही त्या दिवसापासून आजतागायत ‘बी.ए.’ याच नावाने हाक मारीत आलो आहोत, त्याची दुभाषी म्हणून सर्वानुमते नेमणूक झाली. त्याचा मुशाहिरा दर रविवारी दोन आलूबोंडे आणि एक चहा असा ठरला. पडद्यावर कप्तान कर्क तावातावाने काही बोले, मागे उभा असलेला टोकदार कानांचा स्पॉक एक भुवई वर करी, आणि बी.ए. घसा खाकरून आम्हाला गंभीर स्वरात अर्थ सांगे. इतक्या अधिकारवाणीने सांगे की त्यापुढे शंका काढणे हे प्रत्यक्ष वेदावर शंका काढण्यासारखे वाटावे.

या गोष्टीस चाळीस वर्षे होत आली. मी अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो, वकीलसाहेबांनी दिवाणी दावे लढविले, शेठजींनी जिनिंग मुलाच्या स्वाधीन केले आणि बी.ए. रजिस्ट्रीत दस्तांच्या नकला करता करता पेन्शनीत गेला. गेल्या चैत्रात वकीलसाहेबांच्या मुलाने पुण्याहून एक भिंतीएवढा टीव्ही धाडला आणि त्यावर रीतसर वर्गणी भरून सर्वच्या सर्व ७९ भाग बसल्या जागी दिसतील अशी तजवीज करून दिली. चौघांनी मिळून पहिल्यापासून पुन्हा सर्व पाहावे असा ठराव झाला, आणि त्या ठरावाचा मसुदा करण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले. जन्मभर मसुदे करणाऱ्या माणसाला निवृत्तीनंतर मसुदा मिळणे म्हणजे काय, हे ज्याचे त्यालाच कळते. मी सात कलमी हुकूमनामा केला. त्यातील तिसऱ्या कलमान्वये कार्यक्रम चालू असता ‘आता पाहा काय होते ते’ असे म्हणणारास ओसरीवरून बेदखल करावयाचे होते. पहिल्याच रविवारी त्या कलमान्वये पहिला बेदखल मी झालो.

पुढे शेठजींनी वेताच्या खुर्चीवर वहिवाटीचा हक्क सांगितला. बारा वर्षे निर्वेध कब्जा असल्याखेरीज वहिवाट शाबीत होत नाही, तुमचे तर तीनच रविवार झाले आहेत, असा आक्षेप वकीलसाहेबांनी घेतला, आणि या मुद्द्याची सुनावणी पूर्ण होईतो कप्तान कर्क एका परग्रहावर तोंड उघडे ठेवून पंचवीस मिनिटे तिष्ठत उभा होता. नंतर कूलरचे प्रकरण. वैशाखात आमच्याकडे पारा पंचेचाळिसाला जातो. कूलर लावला तर त्याच्या घरघरीत यानावरील चारशे तीस माणसे मुकी होतात, आणि बंद केला तर ओसरीवरील चार माणसे उकडून निघतात. मध्यम मार्ग म्हणून मोक्याचा संवाद आला की बटण बंद करावयाचे ठरले. परंतु मोक्याचा संवाद कोणता, हे तो होऊन गेल्यावरच कळते. एकदा या सर्वांतून निभावून भाग अगदी शेवटच्या चार मिनिटांवर आला असता वीज गेली. ती आली तेव्हा आम्ही चौघेही आपापल्या घरी जेवून झोपलो होतो.

तथापि या गोष्टी क्षुल्लक होत. खरा प्रलय घडविला तो वकीलसाहेबांच्या नातीने. ती अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि उन्हाळ्याच्या सुटीत घरी आली होती. तिने कोठलेसे बटण दाबले आणि पडद्याच्या तळाशी इंग्रजी अक्षरांच्या ओळी उमटू लागल्या. ती त्या वाची आणि भराभर मराठीत सांगे. बी.ए. त्या दिवशी प्रथमच म्हणाला की मला आज जरा काम आहे, मी निघतो. शेठजींनी त्याला शर्टाच्या टोकाला धरून खाली बसविले.

भाग नेमका कापसाचा होता.

वाचकांस हे समजावून सांगितले पाहिजे. या भागात कप्तान कर्क एक कोठार उघडतो आणि त्याच्या मस्तकावर शुभ्र, केसाळ, मऊमऊ गोळ्यांचा वर्षाव होऊन तो छातीपर्यंत त्यांत बुडतो. निदान आमच्या कृष्णधवल संचावर ते शुभ्र होते. महाराष्ट्रात १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी चालू होती, आमच्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी बंड्यांच्या रांगेत रात्र काढलेली होती, आणि बी.ए.ने त्या वेळी आम्हाला सांगितले होते ते असे की, “त्या ग्रहावर औंदा कापूस बेसुमार पिकला. माप बंद हाय. म्हणून शेतकऱ्यायनं सारा कापूस कप्तानाच्या डोक्श्यावर ओतला.” आम्ही उभे राहून टाळ्या पिटल्या होत्या. कोणीतरी चिकित्सक बुद्धीने विचारले होते की कापूस असा घुरघुर आवाज काऊन करते? त्यावर बी.ए. क्षणाचाही विलंब न लावता उत्तरला होता, “सरकीत अळी हाय.” शेठजींच्या वडिलांनी तो सर्व टोमणा आपल्यावरच घेऊन पुढचे दोन रविवार संचाची दारे उघडली नव्हती.

“आबा, कापूस नाहीये तो,” नात म्हणाली. “प्राणी आहेत. ते कोठारातला गहू खातात आणि त्यांची संख्या वाढत जाते. स्पॉकने आकडासुद्धा सांगितलाय, सतरा लाख एकाहत्तर हजार पाचशे एकसष्ट.”

ओसरीवर स्मशानशांतता पसरली. कूलरदेखील बंद होता.

“वऱ्हाडातल्या माणसाले,” शेठजी हळूहळू म्हणाले, “कापूस ओळखू येत नाही म्हणते हे पोरगी. तीन पिढ्या जिनिंग केलं आम्ही.”

“पण खाली लिहिलंय, आजोबा.”

“लिहिणाराचं चुकलं असन.”

मला मात्र त्या आकड्याने भुरळ घातली. सतरा लाखांचा हिशेब शेवटच्या एकापर्यंत देणारा अधिकारी मी माझ्या संपूर्ण सेवाकाळात पाहिला नाही. तेवढ्यात वकीलसाहेबांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, पोह्यांच्या बश्या घेऊन आल्या, पडद्याकडे ओझरते पाहत्या झाल्या आणि यानावरील डॉक्टर रोग्याच्या अंगावरून जे चकाकते यंत्र फिरवीत होता त्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, “हे तं मिठाची डबी हाय.” आम्ही चौघेही हसलो. पुढे नातीने शोध घेतला तेव्हा कळले की डॉक्टरांची ती उपकरणे खरोखरच आकाराने वेगळ्या दिसणाऱ्या मीठदाण्यांपासून केली होती. चाळीस वर्षांत ही मालिका अचूक समजलेली पांढरकवड्यातील एकमेव व्यक्ती म्हणजे वहिनी, आणि त्यांनी ती एकूण अर्धा मिनिट पाहिली होती.

पुढच्या रविवारी वकीलसाहेबांचा संसार ढासळला, म्हणजे वकिलीचा. एका भागात स्पॉक आणि कप्तान रणांगणात समोरासमोर येतात, एका पालखीतून कोणी मानी वृद्धा येते, आणि दोघे मित्र हाती एक लांब दांड्याचे आयुध घेऊन, ज्याच्या टोकाला फावड्यासारखे अर्धचंद्राकृती पाते आहे, परस्परांवर तुटून पडतात. बी.ए.चा अर्थ होता की हे धुऱ्याचे भांडण आहे. कप्तानाने स्पॉकच्या वावराचा दोन हात धुरा कोरला, आणि ती म्हातारी म्हणजे स्पॉकची आत्या, सातबाऱ्यावर तिचे नाव लागलेले आहे. फावड्याचा पुरावा समक्ष असल्यामुळे आम्ही तो अर्थ रुजुवात न करता मान्य केला होता. आता नातीने वाचून सांगितले की स्पॉकचे लग्न तो सात वर्षांचा असतानाच ठरलेले होते, त्यासाठी तो आपल्या ग्रहावर आला आहे, आणि वधूच्या मनात दुसराच कोणी असल्यामुळे तिने हे द्वंद्व लावून दिले आहे.

वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुसला. “अंतरिक्षातही धुऱ्याचे दावे चालतात, हे त्या दिवशी पाहिलं म्हणून मी दिवाणी बाजू घेतली,” ते म्हणाले. “पस्तीस वर्षं. एकही घटस्फोटाची केस घेतली नाही.”

माझीही अवस्था बरी नव्हती. स्पॉक हा यानावरचा अव्वल कारकून आहे, तो कोणत्याही अर्जास हो किंवा नाही म्हणत नाही, केवळ भुवई वर करतो आणि अर्जदार आपोआप परत जातो, असे बी.ए.ने मला सांगितले होते. मी तोच आदर्श समोर ठेवून परीक्षेस बसलो आणि ती भुवई मी सेवेच्या शेवटच्या दिवसापर्यंत इमानाने वर केली. आता कळते की तो शास्त्रज्ञ आहे, आणि यानावर कप्तानाच्या खालोखाल त्याचाच अधिकार. माझ्या भुवईवर आजही एक आठी कायम आहे. ती कोणत्या लेखाशीर्षाखाली खर्ची घालावी हे मला समजत नाही.

रंगीत पडद्याचा आणखी एक ताप असा की यानावरचे जे शिपाई परग्रहावर उतरताच प्राणास मुकतात त्यांच्या अंगात बहुधा तांबडे सदरे असतात, हे आम्हाला प्रथमच दिसले. कप्तान, स्पॉक, डॉक्टर आणि ज्याचे नाव कोणालाच ठाऊक नाही असा एक तांबड्या सदऱ्याचा इसम खाली उतरतात. पुढे काय होणार ते सांगावयास नको. साहेबाच्या दौऱ्यात नाल्याला पाणी किती आहे ते पाहावयास आधी कोणाला उतरवितात, हे ज्याने महसूल खात्यात काढलेल्या वर्षांत पाहिले आहे, त्याला यात नवे ते काय? मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी हे पूर्वाश्रमी लॉस एंजेलिसच्या पोलिसात होते असे वाचले, तेव्हा उलगडा झाला.

एका भागापाशी मात्र आमची ओसरी खरोखर गप्प झाली. खाणीतले मजूर एका खडकासारख्या भयंकर प्राण्याने मारलेले असतात, सर्व जण त्याच्या मागावर निघतात, आणि शेवटी स्पॉक त्या प्राण्याला हात लावून त्याचे मन जाणतो, तेव्हा कळते की ती आई आहे, आपली अंडी राखते आहे. आमच्याच जंगलांतील ‘अवनी’ वाघिणीच्या मागावर कित्येक माणसांचे प्राण घेतल्याच्या आरोपावरून जे पथक होते, त्याच्या गोळीने २ नोव्हेंबर २०१८ रोजी ती पडली. तिला दोन बछडे होते. त्या वाघिणीच्या भीतीने ज्यांची माणसे महिनोन्‌महिने वावरात एकटी गेली नाहीत असे शेठजी, आणि जे बछड्यांच्या बाजूने बोलत असे वकीलसाहेब, हे दोघे हा भाग पाहताना भांडतील असे मला वाटले होते. भांडले नाहीत. नात म्हणाली, “बी.ए. आजोबा, तुम्ही तेव्हा याचा काय अर्थ सांगितला होता?”

“हाच,” बी.ए. म्हणाला. “पोरंवाली हाय, म्हणून मारते, असं सांगतलं होतं.”

आम्हा तिघांनाही आठवले. खरोखर असेच सांगितले होते. एवढा एकच भाग बरोबर कसा आला, यावर वकीलसाहेबांनी तेथल्या तेथे त्याची उलटतपासणी सुरू केली, आणि चाळीस वर्षांची जबानी अखेर बाहेर पडली. ती मी जशीच्या तशी नोंदवून ठेवली आहे.

“त्यात तो स्पॉक ‘पेन, पेन’ म्हणून ओरडते. तो शब्द मले मलमाच्या डबीवरून येत होता. बाकी अमेरिकन माणूस काय बोलून रायला, मले कधी एक अक्षर समजलं नाही, राजेहो. पण तुम्ही तिघं माह्या तोंडाकडे पाहून रायले होते. आन् बोंडे गरम होते.”

बी.ए.वर विश्वासघाताचा दावा चालवावा की दोन बोंड्यांचा मुशाहिरा व्याजासह वसूल करावा, यावर पुढे तासभर खल झाला. त्या तासात मी या मालिकेच्या चाहत्यांचा एक इतिहास सांगून वातावरण निवळविण्याचा यत्न केला : दुसऱ्या वर्षाअखेर मालिका बंद पडावयाच्या बेतात असता प्रेक्षकांनी पत्रांचा भडिमार केला आणि १९६८ मध्ये तिला तिसरे वर्ष मंजूर झाले, पुढे १९७६ मध्ये पुन्हा पत्रे धाडून त्यांनी अमेरिकेच्या पहिल्या अवकाश शटलाचे ‘कॉन्स्टिट्यूशन’ हे नाव बदलावयास लावून मालिकेतील यानाचे ‘एंटरप्राइझ’ हे नाव ठेवविले. अर्ज करून मंजुरी मिळाल्याचे हे उदाहरण ऐकून शेठजी चकित झाले. ते शटल अवकाशात मात्र कधीच गेले नाही, केवळ चाचण्यांपुरते उडाले, हे मी सांगितले तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. “मंग बरोबर,” ते म्हणाले.

दाव्याचा फैसला असा झाला की तळाच्या ओळी बंद कराव्यात. वकीलसाहेबांनी एकतर्फी निकाल दिला, शेठजींनी अनुमोदन दिले आणि मी त्यावर सही केली. नातीने हरकत नोंदविली. कारण विचारता तिने सांगितले की इंग्रजी ओळी तर मी पुण्यात मामाकडेही वाचू शकते. म्हणजे तिची हरकत ओळी बंद करण्यास नव्हती, उशिरा बंद केल्याबद्दल होती. सुटी संपून ती कॉलेजात गेली आहे आणि रविवारी सायंकाळी दूरध्वनी करून आजोबांची खुशाली विचारण्यापूर्वी ‘बी.ए. आजोबांच्या ग्रहावर आज काय झालं?’ असे विचारते.

मागल्या रविवारी त्या ग्रहावर तूर पेरली. येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता डवरण आहे. इच्छुकांनी वेळेवर यावे, खुर्ची घरून आणावी, आणि बी.ए.करिता दोन आलूबोंडे, गरम असतील तरच.